वाचकांचे प्रश्न : हेज फंडातले कुंपण नेमके कुठे आहे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे 'हेज फंड' या एकाच शब्दाभोवती फिरणारी निघाली, त्यामुळे विमा आणि प्राप्तिकरावरील प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून ही सहा एकत्र घेतली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून अर्थविषयक पाने नियमित वाचतो. कधी 'हेज फंडांनी पौंड पाडला' असे वाचतो, कधी 'हेज फंड बुडाला', तर कधी 'हेज फंडांच्या खरेदीमुळे बाजार वधारला'. हेजिंग म्हणजे जोखमीपासून संरक्षण, असे आम्हाला बँकेत शिकवले होते. संरक्षण करणारा फंड इतका उपद्व्यापी कसा? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, घोटाळा नावात आहे. 'हेज' हा मुळात शेताच्या बांधावरचा शब्द. इंग्लंडमध्ये शेताच्या कडेने झुडपांची जी दाट ओळ लावतात तिला हेज म्हणतात, जसे आपल्याकडे घायपाताचे किंवा निवडुंगाचे कुंपण असते. पुढे पैज लावणाऱ्यांनी तो उचलला. एका बाजूवर मोठी रक्कम लावायची आणि पारडे फिरलेच तर सगळे बुडू नये म्हणून थोडी रक्कम उलट बाजूवरही ठेवायची, याला ते 'कुंपण घालणे' म्हणू लागले. बँकेतले हेजिंग हे त्याचेच सभ्य रूप होय.

हे कुंपण शेअरगुंतवणुकीत पद्धतशीरपणे आणण्याचे श्रेय आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांना दिले जाते. १९०० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जन्मलेले जोन्स हे शेअर दलाल नव्हते, तर समाजशास्त्रज्ञ होते. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९४१ मध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती आणि ते 'फॉर्च्यून' मासिकात लेखन करीत असत. बाजाराची भाकिते करणाऱ्यांच्या निरनिराळ्या पद्धतींवर त्यांनी १९४९ मध्ये या मासिकासाठी एक लेख लिहिला आणि त्याच वर्षी एक लाख डॉलरच्या भांडवलावर स्वतःची भागीदारी सुरू केली. त्यातले चाळीस हजार डॉलर त्यांचे स्वतःचे होते. बाजार वर जाणार की खाली, हे खात्रीने सांगता येत नाही, पण दोन कंपन्यांपैकी चांगली कोणती हे अभ्यासाने बऱ्याच अंशी ठरवता येते, या गृहीतावर त्यांची सारी रचना उभी होती.

त्यांनी वापरलेली दोन्ही साधने तोपर्यंत सटोडियांची मानली जात होती. पहिले साधन म्हणजे कर्ज काढून शेअर घेणे आणि दुसरे म्हणजे शॉर्ट सेलिंग, म्हणजे हातात नसलेले शेअर दुसऱ्याकडून उसने घेऊन विकणे आणि भाव उतरल्यावर बाजारातून खरेदी करून ते परत करणे. जोन्स यांनी ही दोन जोखमीची साधने एकमेकांसमोर उभी केली. समजा त्यांच्याजवळ १०० रुपये आहेत. ते आणखी ३० रुपये कर्जाऊ घेऊन १३० रुपयांचे चांगले वाटणारे शेअर घेतात आणि त्याच वेळी कमकुवत वाटणारे ७० रुपयांचे शेअर उसने घेऊन विकतात. आता बाजार १० टक्के घसरला, पण निवड बरोबर असल्यामुळे चांगले शेअर ७ टक्केच उतरले आणि कमकुवत शेअर १४ टक्के कोसळले, असे धरू. खरेदीत ९ रुपये १० पैसे गेले, विक्रीत ९ रुपये ८० पैसे मिळाले. म्हणजे पडत्या बाजारातही ७० पैसे पदरात उरले. बाजार तितकाच वर गेला आणि चांगले शेअर १४ टक्के, कमकुवत ७ टक्के वाढले, तर खरेदीत १८ रुपये २० पैसे येतील, विक्रीत ४ रुपये ९० पैसे जातील आणि १३ रुपये ३० पैसे उरतील. (व्याज आणि दलाली हिशेबात धरलेली नाही.) मात्र निवडच चुकली, चांगले म्हणून घेतलेले शेअर ५ टक्केच वाढले आणि कमकुवत म्हणून विकलेले १५ टक्के वाढले, तर वाढत्या बाजारातही ४ रुपये खिशातून जातात. बाजाराच्या लहरीपासून जोन्स यांनी कुंपण घातले होते. स्वतःच्या चुकीपासून नव्हे.

१९६६ मध्ये 'फॉर्च्यून'मध्येच कॅरोल लूमिस यांनी या भागीदारीवर लेख लिहिला. त्या काळातील नामांकित म्युच्युअल फंडांपेक्षा जोन्स यांचा परतावा, त्यांचा वाटा वजा करूनही, सरस असल्याचे त्यातून जगाला कळले आणि पाहता पाहता अनुकरण करणारे शेकड्याने उभे राहिले. मात्र चढत्या बाजारात शॉर्ट सेलिंग म्हणजे दर महिन्याला दिसणारा तोटा. नव्या मंडळींना तो सोसवेना, म्हणून त्यांनी ते हळूहळू सोडून दिले आणि कर्ज तेवढे ठेवले. कुंपण मोडून सरपणाला वापरले, पाटी मात्र तीच राहिली. १९६९-७० आणि १९७३-७४ च्या घसरणींत यांपैकी कित्येकांचे दिवाळे निघाले, आणि त्यानंतर या नावाचा आणि कुंपणाचा संबंध पुन्हा कधी नीट जुळला नाही.

आपण उल्लेखिलेले पौंडाचे प्रकरण हा त्याचा नमुना आहे. १६ सप्टेंबर १९९२ रोजी जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडाने ब्रिटिश पौंड प्रचंड प्रमाणात विकला. तो सावरण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर १० वरून १२ टक्के केला, त्याच दिवशी तो १५ टक्के करण्याची घोषणाही झाली, तरी संध्याकाळपर्यंत ब्रिटनला युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे परस्पर दर ठरावीक मर्यादेत ठेवण्याच्या व्यवस्थेतून, बाहेर पडावे लागले. सोरोस यांच्या फंडाला सुमारे एक अब्ज डॉलर नफा झाला. या व्यवहारात कुंपण शोधून सापडणार नाही. ती एका बाजूला लावलेली भली मोठी पैज होती.

मग आज हेज फंड कशाला म्हणायचे? व्यवहाराच्या पद्धतीवरून नव्हे, तर बांधणीवरून. मोजक्या श्रीमंत व्यक्तींकडून आणि संस्थांकडून खासगीरीत्या गोळा केलेला पैसा, तो कर्ज, वायदे, शॉर्ट सेलिंग अशा कोणत्याही मार्गाने गुंतवण्याची व्यवस्थापकाला असलेली जवळजवळ पूर्ण मोकळीक, नफ्यात त्याचा ठरलेला हिस्सा, आणि पैसे परत मागायचे तर महिना-तिमाहीची आगाऊ सूचना किंवा ठरावीक मुदतीपर्यंत थांबण्याची अट. एवढे जुळले की आतला व्यवहार कोणताही असो, तो हेज फंड. पेट्यांचा आकार सारखा असला म्हणून आतला माल सारखा नसतो, हे लक्षात ठेवले की वर्तमानपत्रातील तिन्ही मथळे एकाच वेळी खरे असू शकतात.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार आहे. गोदामात माल असताना भाव पडू नये, पडलाच तर फटका बसू नये म्हणून आम्ही वायदे बाजारात विक्री करून ठेवतो. आमच्या दलालाच्या भाषेत हे हेजिंग. मग आमची पेढीही छोटा हेज फंड म्हणायची का? – एक व्यापारी, सांगली

उत्तर : नाही; आणि शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर आपण बहुतेक हेज फंडांपेक्षा अधिक 'हेज' करता. समजा आपण १०० क्विंटल हळद १४,००० रुपये क्विंटलने घेतली आणि तेवढ्याच मालाचा वायदा त्याच सुमाराच्या भावाने विकून ठेवला. भाव १२,५०० वर आला तर गोदामात दीड लाखाचा तोटा आणि वायद्यात जवळपास तितकाच नफा. भाव १५,५०० वर गेला तर याच्या उलट. आपण वरचा नफा सोडून दिला आणि त्या बदल्यात निश्चिंतता घेतली. हजर भाव आणि वायद्याचा भाव यांत जे थोडेफार अंतर पडते तेवढीच जोखीम आपल्याकडे उरते.

जोन्स यांच्या पद्धतीत एक जोखीम काढून टाकली जाते ती दुसरी जोखीम अधिक जोमाने घेता यावी म्हणून. बाजाराची चिंता मिटली की कंपन्यांच्या निवडीवर कर्ज काढूनही पैसे लावता येतात, असा तो विचार आहे. आपले हेजिंग धंद्याच्या रक्षणासाठी आहे. त्यांचा धंदाच जोखीम निवडण्याचा आहे. जाता जाता सांगायला हरकत नाही की भारतातला पहिला संघटित वायदे बाजार मुंबईच्या कापसाचा. बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे हेजिंगची कल्पना आपल्या व्यापारी पेढ्यांना हेज फंड जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'दोन आणि वीस' हे शुल्क कसे आकारतात? आणि दोन नोबेलविजेते सोबत असूनही लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा हेज फंड बुडाला तो कुंपण नव्हते म्हणून का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शुल्काचा भाग सोपा आहे. 'दोन' म्हणजे सांभाळलेल्या रकमेवर दरवर्षी २ टक्के, मग नफा होवो वा तोटा. आणि 'वीस' म्हणजे नफ्यातला २० टक्के वाटा. १०० कोटींवर वर्षात १५ कोटी मिळाले, तर आधी २ कोटी व्यवस्थापन शुल्क, उरलेल्या १३ कोटींचा पाचवा हिस्सा म्हणजे २ कोटी ६० लाख. गुंतवणूकदाराच्या वाट्याला १० कोटी ४० लाख. हा दर सर्वत्र सारखा नसतो. बहुतेक करारांत अशीही अट असते की आधीचा तोटा भरून निघून फंडाचे मूल्य पूर्वीचा उच्चांक ओलांडेपर्यंत नफ्यातला वाटा घ्यायचा नाही. अट गुंतवणूकदाराच्या हिताची आहे, पण तिला पळवाटही आहे. तोटा फार खोल गेला की फुकट राबण्यापेक्षा फंड बंद करून नव्या नावाने दुसरा काढणे व्यवस्थापकाला अधिक परवडते. जोन्स स्वतः फक्त नफ्यातला पाचवा हिस्सा घेत असत. सुखरूप परतलेल्या गलबतावरील नफ्याचा पाचवा भाग ठेवणाऱ्या प्राचीन फिनिशियन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा दाखला ते त्यासाठी देत, असे सांगितले जाते. गलबत बुडाले तर त्या व्यापाऱ्याला काहीच मिळत नसे. 'दोन' टक्के ही नंतरच्या काळाची सोय आहे, आणि फंड मोठा झाला की तेवढ्यावरही व्यवस्थापक श्रीमंत होतो.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर अपेक्षेच्या उलटे आहे. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंटकडे कुंपण होते, आणि ते फार विचारपूर्वक घातलेले होते.

जॉन मेरिवेदर यांच्या नेतृत्वाखाली हा फंड १९९४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ग्रीनिच येथून सुरू झाला. मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे त्यातले भागीदार. दोघांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही डेरिव्हेटिव्हजच्या, म्हणजे ज्यांची किंमत दुसऱ्या एखाद्या मालमत्तेच्या भावावरून ठरते अशा करारांच्या, मूल्यमापनाच्या पद्धतीसाठी. फंडाचा मुख्य धंदा असा होता : जवळजवळ सारख्याच दोन रोख्यांपैकी थोडा स्वस्त असलेला घ्यायचा, थोडा महाग असलेला उसना घेऊन विकायचा आणि दोहोंतले अंतर मिटण्याची वाट पाहायची. उदाहरणार्थ, अमेरिकी सरकारचा नुकताच निघालेला तीस वर्षांचा कर्जरोखा त्याला मागणी अधिक असल्यामुळे किंचित महाग असतो आणि सहा महिन्यांपूर्वीचा किंचित स्वस्त. खरे पाहता दोन्हींच्या मागे तेच सरकार आणि जवळपास तीच मुदत. व्याजदर वर जावोत की खाली, दोन्ही रोखे बरोबरच हलणार. एवढे पक्के कुंपण जोन्स यांच्याकडेही नव्हते.

अडचण अशी की या अंतरातून मिळणारा नफा शेकडा काही पैशांचा असतो. त्याला आकार द्यायचा तर व्यवहार अवाढव्य करावा लागतो, आणि तो उसन्या पैशावर करावा लागतो. १९९८ च्या प्रारंभी फंडाचे स्वतःचे भांडवल सुमारे ४.७ अब्ज डॉलर होते आणि कर्जे सुमारे १२५ अब्ज डॉलरची. म्हणजे स्वतःच्या एका रुपयामागे पंचवीसहून अधिक रुपये लोकांचे. या प्रमाणात मालमत्तेची किंमत चार टक्क्यांनी घटली तरी स्वतःचे भांडवल संपते.

१७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने रूबलचे अवमूल्यन केले आणि आपल्या देशांतर्गत कर्जाची परतफेड थांबवली. घाबरलेला पैसा जगभरातून सर्वांत सुरक्षित, सर्वांत सहज विकल्या जाणाऱ्या रोख्यांकडे धावला. म्हणजे फंडाने जे विकले होते ते महाग झाले आणि जे घेतले होते ते स्वस्त. मिटायला हवी होती ती अंतरे रुंदावली, आणि तीही एका देशात नव्हे तर सगळीकडे एकदम. ती पुढे कधीतरी मिटणार हे गणित चुकीचे नव्हते, पण सावकार तोवर थांबायला तयार नसतो. चार महिन्यांच्या आत सुमारे ४.६ अब्ज डॉलर गेले. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने पुढाकार घेऊन मोठ्या वित्तसंस्थांना एकत्र बसवले आणि सप्टेंबरअखेर त्यांतील चौदा संस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून फंड ताब्यात घेतला. फेडरल रिझर्व्हने स्वतःचा पैसा घातला नाही; मात्र हा फंड एकाएकी कोसळला तर त्याच्याशी व्यवहार असलेल्या बँकांचे काय होईल, या भीतीनेच ती बैठक बोलावली गेली होती.

आपल्याकडे कुंपणानेच शेत खाल्ले अशी म्हण आहे. ती सहसा रक्षकच भक्षक झाला की वापरतात. येथे ती थोड्या वेगळ्या अर्थाने लागू पडते. कुंपण पक्के आहे या विश्वासामुळेच इतके कर्ज मिळाले आणि घेतलेही गेले. कुंपण नसते तर कोणत्याही शहाण्या बँकेने एका रुपयावर पंचवीस रुपये दिले नसते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण 'अतिरिक्त कर्जामुळे फंड बुडाला' असे लिहिले तर गुण मिळतील, पण ते कर्ज कशाच्या जोरावर मिळाले याचाही विचार करावा, असे सुचवतो.

प्रश्न : जेन स्ट्रीट, हिंडेनबर्ग, गेमस्टॉप या बातम्यांत 'हेज फंड' हा शब्द सतत येत होता. हे सारे हेज फंडच का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्हींचे उत्तर वेगवेगळे आहे. जेन स्ट्रीट ही अमेरिकी कंपनी प्रामुख्याने स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करते. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा सांभाळून त्यावर शुल्क घेणे हा तिचा धंदा नाही. म्हणून ती हेज फंड नव्हे, जरी काही बातम्यांनी तिला तसे म्हटले तरी. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात ४,८४३.५७ कोटी रुपये जमा करण्यास तिला सांगितले. सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातील शेअर आणि फ्युचर्स (वायदे) मोठ्या प्रमाणावर घेऊन निर्देशांक वर ढकलायचा, त्याच वेळी निर्देशांक पडल्यावर लाभ देणारे त्याहून कितीतरी मोठे ऑप्शन सौदे उभे करायचे आणि नंतर शेअर विकून टाकायचे, असा सेबीचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि ती रोखे अपील न्यायाधिकरणात गेली. गंमत अशी की दोन बाजूंचे हे सौदे म्हणजे एक प्रकारचे हेजिंग होते की निर्देशांकाची हेराफेरी, हाच वादाचा गाभा आहे. म्हणजे 'हेज' हा शब्द बातमीत योग्य जागी होता, फक्त कंपनीच्या नावापुढे नको होता.

हिंडेनबर्ग रिसर्च ही संशोधन अहवाल प्रसिद्ध करणारी आणि त्या शेअरमध्ये मंदीचे, म्हणजे भाव उतरल्यावर फायदा देणारे, सौदे करणारी छोटी संस्था होती. जानेवारी २०२३ मध्ये तिने अदानी समूहावर अहवाल काढला, समूहाने त्यातले आरोप फेटाळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये संस्थेने आपले काम थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्या जुन्या शेअर बाजाराच्या भाषेत अशांना 'मंदीवाले' म्हणत. तो शब्द नेमका आहे आणि तो परत वापरात यावा असे मला मनापासून वाटते.

गेमस्टॉपच्या बाबतीत मात्र शब्द बरोबर होता. मेल्विन कॅपिटल हा खराखुरा हेज फंड होता आणि त्याने व्हिडिओ गेम विकणाऱ्या या कंपनीच्या शेअरमध्ये मंदी केली होती. जानेवारी २०२१ च्या प्रारंभी वीस डॉलरच्या आत असलेला हा शेअर छोट्या गुंतवणूकदारांच्या एकवटलेल्या खरेदीमुळे २७ जानेवारीला ३४७ डॉलरवर बंद झाला. घेतलेला शेअर फार तर शून्यावर जाईल, पण उसना घेऊन विकलेला शेअर किती वर जाईल याला मर्यादा नाही. मेल्विनने त्या एका महिन्यात आपले निम्म्याहून अधिक मूल्य गमावले आणि पुढच्या वर्षी तो बंद झाला.

याउलट, मार्च २०२१ मध्ये कोसळून क्रेडिट सुइस बँकेला सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा फटका देणारी आर्केगॉस ही एका कुटुंबाचा पैसा सांभाळणारी पेढी होती. सगळी लक्षणे हेज फंडाची, पण बाहेरचे गुंतवणूकदार नाहीत. अशा वेळी वार्ताहरांनी 'हेज फंड' लिहिले तर त्यांना फार दोष देऊ नये.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. आमच्याकडे १२ लाख रुपये शिल्लक आहेत. भारतात हेज फंड आहेत का आणि आम्हाला त्यांत पैसे घालता येतील का? श्रीमंतांना जो परतावा मिळतो तो आम्हाला का मिळू नये? शिवाय एका व्हॉट्सअॅप समूहावर 'हेज फंड योजना, दरमहा ३ टक्के खात्रीने' असा संदेश आला आहे, तो खरा असेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो : नाही. दरमहा ३ टक्क्यांची हमी देणारा कोणताही फंड नसतो, आणि खऱ्या हेज फंडाला असे सार्वजनिक आवाहन करण्याची परवानगीच नाही. 'हेज' म्हणजे सुरक्षित, या समजुतीचा फायदा घेण्यासाठी तो शब्द तेथे घातलेला आहे. समूहातून बाहेर पडा, पैसे दिले असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करा.

भारतात हेज फंड आहेत. सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक फंड नियमावलीत तीन वर्ग केलेले आहेत आणि हेज फंड तिसऱ्या वर्गात येतात, मात्र तिसऱ्या वर्गातला प्रत्येक फंड हेज फंड असतो असे नाही. तेथे किमान गुंतवणूक एक कोटी रुपये, एका योजनेत जास्तीत जास्त एक हजार गुंतवणूकदार, आणि एकूण सौद्यांचा पसारा निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपुरता मर्यादित. वर सांगितलेल्या लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंटच्या तुलनेत हा लगाम चांगलाच आखूड आहे. व्यवस्थापकाने किंवा प्रवर्तकाने स्वतःचेही पैसे घालावे लागतात : फंडाच्या पाच टक्के किंवा दहा कोटी, यांपैकी जे कमी असेल ते.

आपल्या रकमेला दार उघडे आहे ते दुसरे. १ एप्रिल २०२५ पासून सेबीने म्युच्युअल फंड कंपन्यांना 'स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड' काढू दिले आहेत. एका कंपनीच्या अशा सर्व योजनांत मिळून किमान दहा लाख रुपये घालावे लागतात आणि व्यवस्थापकाला मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत मंदीचे उघडे, म्हणजे उलट बाजूने कुंपण न घातलेले, सौदे डेरिव्हेटिव्हजमध्ये करता येतात. साध्या म्युच्युअल फंडाला ही मोकळीक नाही. नियमाने आपण पात्र आहात. तरीही बारा लाखांच्या शिलकीतून दहा लाख अशा एका योजनेत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा लाखांची अट ज्यांच्यासाठी ती रक्कम एकूण बचतीचा लहान भाग आहे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे.

श्रीमंतांच्या परताव्याबद्दल म्हणाल, तर वॉरन बफे यांची पैज ऐका. अनेक हेज फंडांत पैसे घालणाऱ्या पाच फंडांची निवड समोरच्या पक्षाने करायची आणि १ जानेवारी २००८ पासून दहा वर्षे त्यांची तुलना अमेरिकेच्या एसअँडपी ५०० निर्देशांकाच्या साध्या इंडेक्स फंडाशी करायची, अशी ती होती. दहा वर्षांत इंडेक्स फंड १२५.८ टक्के वाढला. पाच फंडांतला सर्वांत चांगला ८७.७ टक्के आणि सर्वांत वाईट २.८ टक्के. पहिल्याच वर्षी, २००८ च्या पडझडीत, हे पाचही फंड इंडेक्स फंडापेक्षा कमी घसरले होते, हेही सांगायला हवे. कुंपणाचा उपयोग होतो तो अशाच वर्षी. पण दुहेरी शुल्काने (एक आतल्या हेज फंडांचे, दुसरे त्यांत पैसे घालणाऱ्या या फंडांचे) पुढच्या नऊ वर्षांत तो फायदा खाऊन टाकला. हेज फंडांच्या सरासरी परताव्याचे आकडे वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे बंद पडलेले फंड आकडे कळवणे थांबवतात आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप देखणी दिसते.

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. 'हेज फंड' या शब्दासाठी 'कुंपण निधी', 'बचाव निधी', 'संरक्षित निधी' असे पर्याय मला सुचवण्यात आले आहेत. यांपैकी कोणता वापरावा? – एक अनुवादक, मडगाव

उत्तर : जोन्स यांना 'हेज्ड फंड' असे म्हणायचे होते, म्हणजे 'कुंपण घातलेला फंड'. इंग्रजी बोलीत त्यातला शेवटचा अक्षरांश गळून 'हेज फंड' झाला. विशेषणाचे नाम झालेले जोन्स यांना आवडले नव्हते. तेव्हा हा शब्द इंग्रजीतही घसरलेलाच आहे.

आपल्याला सुचवलेल्या तीन शब्दांपैकी 'संरक्षित निधी' हा सर्वांत घातक, कारण वाचक त्याचा अर्थ भांडवलाला संरक्षण असा घेईल आणि नागपूरच्या पत्रातल्या संदेशासारखे संदेश पाठवणाऱ्यांना आयताच शब्द मिळेल. 'बचाव निधी' वाचून पूरग्रस्तांसाठीची वर्गणी आठवते. 'कुंपण निधी' शब्दशः जवळचा आहे, पण ज्या फंडांत कुंपण उरलेले नाही त्यांना तो लावला की मराठीत ते खोटे अधिक ठळक दिसते. इंग्रजी वाचकाला 'हेज' ऐकून झुडपे आठवत नाहीत, मराठी वाचकाला 'कुंपण' ऐकून काटे आठवतातच. म्हणून 'म्युच्युअल फंड' जसा आपण आहे तसा घेतला, तसाच 'हेज फंड' देवनागरीत ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'मोजक्या धनिकांसाठीचा खासगी गुंतवणूक फंड' असे अर्ध्या ओळीचे स्पष्टीकरण द्यावे. 'हेजिंग' या क्रियेसाठी मात्र 'जोखमीला कुंपण घालणे' हा प्रयोग खुशाल करावा. सांगलीचे व्यापारी हळदीचा वायदा विकतात तेव्हा ते खरोखरच तेच करीत असतात.